अति झालं अन् हसू आलं: ज्यू वस्त्यांतल्या ‘नीट कपडे घाला’ पाट्या आणि त्यांची खिल्ली

जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या तटबंदीबाहेर, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, मेआ शेआरिम नावाची वस्ती आहे. १८७४ साली वसलेली. अरुंद बोळ, दगडी घरं, काळे कोट, काळ्या टोप्या, पोरांचे लोंढे आणि भिंती झाकून टाकणारी भित्तिपत्रकं. वस्तीत शिरायच्या तोंडाशी मोठ्या पाट्या आहेत, हिब्रूत आणि इंग्रजीत. मजकूर थोडक्यात असा: आमच्या वस्तीतून जाणाऱ्या स्त्रियांनो आणि मुलींनो, मनापासून विनवणी आहे, असभ्य कपड्यांत इथून जाऊ नका. ‘सभ्य’ म्हणजे काय, याबद्दल कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून खाली यादीही दिलेली: गळाबंद, लांब बाह्यांचा ब्लाउज आणि लांब स्कर्ट. पँट नको, अंगाला घट्ट बसणारं काही नको. शेवटी आमच्या वस्तीचं पावित्र्य राखा, अशी विनंती.

पुणेरी पाट्यांवर वाढलेल्या माणसाला यात पहिली गोष्ट खटकते ती सूर. इथे टोमणा नाही, चक्क गयावया आहे. पण ही विनवणी ज्या रस्त्यावर लावली आहे तो रस्ता सार्वजनिक आहे, सगळा तिढा तिथेच आहे. आणि या पाटीचा नेमका उलटा परिणाम असा की लोक मुद्दाम तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात.

जेरुसलेमपासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनपर्यंत अशा पाट्यांची, फतव्यांची आणि त्यामागच्या विचाराची खिल्ली गेली कित्येक वर्षं उडवली जाते आहे. कुणी फोटोशॉप वापरलं, कुणी सायकल, कुणी नाच. यातले काही विनोद मर्मावर बसले, काही नुसतेच चावट निघाले. फरक कुठे पडतो, ते पाहायचं तर आधी नियम समजून घ्यायला हवा.

नियम नेमका काय आहे

कर्मठ ज्यू परंपरेत शालीनतेला ‘त्झनियुत’ म्हणतात. ती फक्त कपड्यांपुरती नाही. बोलणं, चालणं, बडेजाव न मिरवणं हे सगळं तिच्यात येतं. पुरुषांनाही ती लागू आहे. भर उन्हाळ्यात काळा कोट घालून फिरणारा माणूस काही हौसेनं घामाघूम होत नसतो. पण प्रत्यक्षात चर्चा फिरून फिरून बायकांच्या कपड्यांवर येते. ढोबळ नियम असे: कोपर झाकलेलं, गुडघा झाकलेला, गळ्याची हाडं झाकलेली, आणि लग्न झालेल्या बाईचे केस झाकलेले. परक्या पुरुषांसमोर बाईनं गाऊ नये, हाही त्याच यादीतला.

याचा आधार ताल्मुदमध्ये, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या धर्मचर्चेच्या प्रचंड ग्रंथात आहे. बाईच्या शरीराचा वीतभरसुद्धा नव्हे, मूठभर रुंदीचा भाग उघडा असणं, पाय, केस, आवाज यांबद्दलची वचनं तिथे आहेत. मात्र ती मुळात ‘पुरुषानं प्रार्थना म्हणताना समोर काय असू नये’ या चर्चेत आली आहेत. त्याहून जुन्या मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, ‘ज्यू स्त्रियांची रीत’ म्हणून काही गोष्टी सांगितल्या आहेत. बाजारात बसून सूत कातणं हे त्यात अशोभनीय ठरवलं आहे. आज कुठल्याही हरेदी, म्हणजे अतिकर्मठ ज्यू, वस्तीत ‘इथे सूत कातू नये’ अशी पाटी सापडणार नाही. म्हणजे रीत काळाप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलते, हे परंपरेनंच गृहीत धरलेलं आहे.

आणि बदलतेही. काही हसिदी, म्हणजे आपापल्या धर्मगुरूभोवती जमलेल्या भक्तिमार्गी, पंथांत लग्नानंतर बायका डोकं भादरतात आणि वर विग किंवा रुमाल बांधतात. ल्युबाविच या हसिदी पंथाच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, विग वापरायला आवर्जून प्रोत्साहन दिलं. इराकी वंशाचे नामांकित रब्बी ओवादिया योसेफ यांनी विगला सक्त विरोध केला: रुमाल बांधा, टोपी घाला, विग नको. त्यांचा मुद्दा साधा होता. केस झाकायला केसच लावले, तर झाकलं काय? बाहेरचे लोक ज्या गोष्टीवर हसतात, त्यावर आतले दिग्गज आधीच भांडून बसलेले असतात.

आपल्याकडच्या वाचकाला ज्यू म्हटलं की आठवतात ते कोकणातले बेने इस्रायल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव पडलेले, पेणकर-किहिमकर आडनावांचे, घरात मराठी बोलणारे. त्यांच्या आज्या-पणज्या नऊवारी नेसत. शब्बाथ पाळणाऱ्या, सुंता करणाऱ्या त्या समाजाची भाविक बाई चोळी आणि नऊवारीत मेआ शेआरिमच्या पाटीसमोर उभी राहिली असती, तर बाहीपासूनच नापास झाली असती. तेव्हा ‘ज्यूंचा नियम’ असं सरसकट म्हणायचं कारण नाही. पाट्या लावणारे हे हरेदी समाजातले काही गट आहेत. इस्रायलच्या लोकसंख्येत हरेदी सुमारे १४ टक्के आहेत, आणि त्यांतल्याही पुष्कळांना पाट्यांचा हा उद्योग पसंत नसतो.

हसण्याची सुरुवात घरातूनच

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेला विनोद कुठल्याही आधुनिक विडंबनकाराचा नाही. तो ताल्मुदमधलाच आहे, सोता नावाच्या भागात. ‘मूर्ख धार्मिक’ कोण, असा प्रश्न पडतो. उत्तर येतं: नदीत बाई बुडत असताना काठावर उभा राहून जो म्हणतो, ‘तिच्याकडे बघणं मला शोभत नाही, मग वाचवू कसा?’, तो.

एवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्याच पानावर ढोंगी धर्मनिष्ठांचे सात प्रकार दिले आहेत. त्यातला एक ‘भिंतींवर रक्त सांडणारा’. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी याचा उलगडा करतो: हा माणूस बायका दिसू नयेत म्हणून डोळे मिटल्याचं दाखवत चालतो, भिंतीवर डोकं आपटतो आणि रक्तबंबाळ होतो. डोळे मिटणं खोटं, रक्त मात्र खरं.

आता २०१२ सालच्या ऑगस्टमध्ये या. इस्रायलमधून बातमी आली की शालीनतेची राखण करणाऱ्या एका हरेदी गटानं पुरुषांसाठी खास चष्मे विकायला काढले आहेत. काचांवर स्टिकर चिकटवलेले. दोन-चार मीटरपर्यंतचं स्वच्छ दिसतं, म्हणजे माणूस खड्ड्यात पडणार नाही. त्यापलीकडचं सगळं धूसर, त्यात बायकाही आल्या. किंमत सुमारे सहा डॉलर. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी चवीनं छापली आणि विनोदवीरांना आठवडाभराचा शिधा मिळाला. राशीच्या भिंतीची आठवण मात्र फार थोड्यांना झाली.

माझं मत विचाराल तर या चष्म्याची एवढी टवाळी व्हायला नको होती. हसू येतं हे खरं. पण पाटी सांगते ‘तू अंग झाक’, आणि चष्मा सांगतो ‘मी डोळे आवरतो’. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यापेक्षा चोरानं स्वतःच्या हाताला दोरी बांधून घेतली, तर ते अधिक प्रामाणिक नाही का? चांगलं विडंबन आणि उथळ टवाळी यांच्यातली रेघ मला इथे दिसते. टोला बघणाऱ्याच्या नजरेला बसतो, की कपडे घालणाऱ्या बाईला? ताल्मुदमधल्या दोन्ही विनोदांत बाईवर कुणी हसत नाही. एकीत ती बुडते आहे, दुसरीत ती नुसती रस्त्यानं चालली आहे. हसं होतं ते पुरुषाचं.

फोटोतून गायब झालेल्या बायका

कपड्यांच्या नियमाचं टोक म्हणजे बाई दिसूच नये. अनेक हरेदी वर्तमानपत्रं बायकांचे फोटो छापत नाहीत. छापायचेच नाहीत, इथवर कुणी फारसं बोललंही नसतं. आपापल्या पेपरात काय छापायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पंचाईत होते ती बातमीच्या फोटोत बाई असते तेव्हा. २००९ साली इस्रायलच्या नव्या मंत्रिमंडळाचा समूहफोटो आला, त्यात दोन मंत्रीणबाई होत्या. एका हरेदी दैनिकानं त्यांच्या जागी दोन पुरुष मंत्री चिकटवून दिले. एका हरेदी साप्ताहिकानं बायकांवर काळा रंग फासला. २०११ च्या मे महिन्यात ब्रुकलिनच्या ‘दी त्झाइटुंग’ या यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) साप्ताहिकानं, ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईच्या वेळचा व्हाइट हाउसमधला तो प्रसिद्ध फोटो छापला, पण त्यातून परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन आणि मागे उभी असलेली आणखी एक अधिकारी अशा दोघी पुसून टाकल्या. व्हाइट हाउसच्या फोटोत फेरफार करायला मुभा नसते. साप्ताहिकाला माफी मागावी लागली.

मग आला २०१५ चा जानेवारी. शार्ली एब्दो या फ्रेंच व्यंग-साप्ताहिकावरच्या आणि कोशर, म्हणजे ज्यू धर्माला चालणारे खाद्यपदार्थ विकणाऱ्या, दुकानावरच्या हल्ल्यांनंतर पॅरिसमध्ये देशोदेशीचे नेते हातात हात घालून चालले. अँगेला मर्केल पहिल्या रांगेत होत्या. ‘हामेवासेर’ या इस्रायली हरेदी दैनिकात फोटो छापून आला तेव्हा मर्केल नाहीत, पॅरिसच्या महापौर आन इदाल्गो नाहीत, युरोपीय संघाच्या फेदेरिका मोगेरिनी नाहीत. व्यंगचित्रकारांच्या हत्येच्या निषेधाचा मोर्चा, आणि त्याच्याच फोटोची कापाकापी! जर्मनीची चॅन्सेलर, युरोपातली सर्वांत वजनदार राजकारणी, ब्रशच्या चार फटकाऱ्यांत हवेत विरली.

यावर सगळ्यांत नेमकं उत्तर आलं आयर्लंडमधून. ‘वॉटरफर्ड व्हिस्पर्स न्यूज’ हे खोट्या बातम्यांचं विनोदी संकेतस्थळ आहे. त्यांनी तोच फोटो घेतला आणि त्यातून सगळे पुरुष काढून टाकले, एका स्त्रीवादी पेपरानं असं केलं आहे अशी थाप मारून. उरल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बायका, एकमेकींपासून लांब लांब उभ्या, आणि मधे मोकळा पॅरिसचा रस्ता.

हा फोटो नीट बघण्यासारखा आहे. त्यात शिवी नाही, काळ्या कोटाची टिंगल नाही, लांब दाढी नाही, ज्यू असण्याचा उल्लेखसुद्धा नाही. नियम तोच ठेवला, फक्त लिंग बदललं. आणि गंमत अशी की त्याचा दुसरा वार वेगळ्याच ठिकाणी बसतो. पुरुष काढल्यावर रस्ता इतका ओसाड का पडावा? जगाच्या नेत्यांत बायका एवढ्या थोड्या का? हामेवासेरच्या संपादकाला हसता हसता बाकीच्या जगाचीही थोडी पंचाईत होते. एका दगडात दोन पक्षी मारणारं विडंबन क्वचित जमतं, ते इथे जमलं आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी टीव्ही तारका किम कार्डाशियन जेरुसलेमला आली आणि तिथल्या महापौरांबरोबर जेवली. ‘किकार हाशब्बात’ या हरेदी वृत्तसंकेतस्थळापुढे पेच: महापौरांची बातमी तर द्यायची, पण शेजारी ही बसलेली. त्यांनी काय करावं? त्या जेवणाचं बिल घेऊन तिच्यावर चिकटवलं. हे त्यांनी भाबडेपणानं केलं की मिश्कीलपणानं, मला सांगता येणार नाही. पण ज्यानं कुणी केलं त्याला विनोदबुद्धी नक्की होती.

आयकिया या फर्निचर कंपनीनं २०१७ मध्ये इस्रायलमधल्या हरेदी गिऱ्हाइकांसाठी वेगळा कॅटलॉग काढला. त्यात बाप, मुलगे, पुस्तकांची कपाटं, आणि आईचा पत्ता नाही. ओरड झाल्यावर कंपनीनं माफी मागितली. इथे विडंबनाची गरजही नव्हती. कॅटलॉगच पुरेसा होता.

ब्रुकलिनची सायकल लेन

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला विल्यम्सबर्ग भाग दोन जगांत वाटला गेलेला आहे. दक्षिणेला सातमार पंथाचे हसिदी. हा पंथ हंगेरीतून, नरसंहारातून वाचलेल्या लोकांनी १९४६ नंतर इथे पुन्हा उभा केला. उत्तरेला तरुण कलाकार, संगीतवाले, दाढ्या वाढवलेले हिपस्टर. दाढ्या दोन्हीकडे आहेत, हा त्या भागातला जुना विनोद. दोन्हींना जोडणारा रस्ता म्हणजे बेडफर्ड ॲव्हेन्यू, आणि त्यावर सायकलींसाठी आखलेली लेन.

उन्हाळ्यात उत्तरेकडच्या मुली आखूड कपड्यांत सायकलवरून दक्षिणेतून जायच्या. हसिदी पुढाऱ्यांनी तक्रार केली. रहदारी, शाळेच्या बसगाड्या, मुलांची सुरक्षितता हीही कारणं दिली गेली आणि ती खोटी नव्हती. पण वर्तमानपत्रांनी अर्थातच कपड्यांचं कारण उचललं. २००९ च्या डिसेंबरात शहर प्रशासनानं त्या लेनचा चौदा ब्लॉकचा पट्टा पुसून टाकला. काही सायकलवाल्यांनी रात्री जाऊन पट्टे पुन्हा रंगवले, त्यात दोघांना अटक झाली. मग लेनची रीतसर अंत्ययात्रा निघाली, न्यू ऑर्लिन्सच्या पद्धतीनं, बँडबाजासकट. आणि त्यानंतर जाहीर झालं की बेडफर्डवरून विवस्त्र सायकलफेरी काढायची.

डिसेंबर, न्यूयॉर्क. ठरलेल्या दिवशी बर्फाचं वादळ. निसर्गानं शालीनतेची बाजू घेतली. आलेल्या सायकलवाल्यांनी थंडीचे जाड कोट घातले आणि कोटांवर नकली स्तन लावून फेरी काढली. गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेले, म्हणजे मेआ शेआरिमच्या पाटीच्या कसोटीला जवळजवळ उतरणारे कपडे, आणि त्यावर हे! ठरवून केलं असतं तर इतकं जमलं नसतं.

तरीही ही फेरी मला अर्धवटच पटते. चौदा ब्लॉकच्या रस्त्यावर हक्क सगळ्यांचा, हा मुद्दा बरोबर. पण विवस्त्र फेरीच्या कल्पनेत ‘तुम्हाला झोंबतं ना, मग घ्या’ एवढंच होतं. ज्यांच्या दारावरून ती जायची, त्यांच्यातलं कुणी हसलं असतं असं वाटत नाही.

त्याच सुमारास तिथे बारुख हेर्त्झफेल्ड नावाचा एक ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ ज्यू, वातावरणात वाढलेला माणूस सायकलचं दुकान चालवत होता. दुकानाचं नाव ‘त्रेफ बाइक गेशेफ्ट’. त्रेफ म्हणजे कोशर नसलेलं, अभक्ष्य. सातमार पंथात मोठ्या माणसानं सायकल चालवणं हलकं समजत, आणि हा पठ्ठ्या ‘अभक्ष्य सायकली’ हसिदी तरुणांना वापरायला देत होता. ती लेन वापरणारा माणूस आपल्यासारखाच असतो हे त्यांना कळावं, हा त्याचा हिशेब. नावातच चेष्टा, पण चेष्टा यिडिशमध्ये. ज्याची करायची त्याला ती लगेच कळते, आणि घासाघीस करून सायकलही मिळते. सगळ्या प्रकरणात दोन्ही बाजूंशी बोलू शकणारा असा माणूस विरळाच.

पुढे २०१२ मध्ये त्याच भागातल्या ली ॲव्हेन्यूवरच्या काही दुकानांच्या दारांवर पाट्या लागल्या: शॉर्ट्स नको, अनवाणी नको, बिनबाह्यांचं नको, खोल गळा नको. शहराच्या मानवाधिकार आयोगानं सात दुकानांवर कारवाई सुरू केली. बिनबाह्या आणि खोल गळा हे बायकांनाच उद्देशून आहे, असं आयोगाचं म्हणणं. दुकानदारांच्या वकिलांनी बिनतोड वाटावा असा सवाल केला: मॅनहॅटनमधल्या उंची हॉटेलात कोट घातल्याशिवाय आत घेत नाहीत, तिथे कोण कारवाई करतं? जानेवारी २०१४ मध्ये दंड न भरता तडजोड झाली. सभ्य पोशाखाची अपेक्षा लिहा, पण प्रवेश सर्वांना आहे हे स्पष्ट असू द्या, असा तिचा मथितार्थ. कोट घातलेल्या श्रीमंतांच्या नियमाला आपण शिष्टाचार म्हणतो आणि काळ्या कोटातल्या गरिबांच्या नियमाला मागासपणा, हा टोला त्या वकिलांनी मारला तो वाया गेला नाही.

हसू संपतं ती जागा

जेरुसलेमजवळच्या बेत शेमेश शहरात गोष्ट वेगळ्या थराला गेली. २०११ च्या अखेरीस आठ वर्षांची एक शाळकरी मुलगी टीव्हीवर दिसली. शाळेत जाताना काही कडव्या माणसांनी तिच्यावर थुंकलं, तिला शिव्या दिल्या. मुलगी धार्मिक ज्यू घरातली. लांब बाह्या, लांब स्कर्ट. त्यांच्या मते पुरेसं लांब नव्हतं.

देश हादरला. जानेवारी २०१२ मध्ये त्याच शहराच्या चौकात अडीचशेच्या आसपास बायका अचानक जमल्या आणि क्वीन या ब्रिटिश बँडच्या गाण्यावर नाचल्या. धार्मिक बायका होत्या, रुमाल बांधलेल्या होत्या, आखूड कपड्यांतल्याही होत्या. या नाचात पाट्यांची नक्कल नव्हती, उपरोध नव्हता. पण ‘बायकांनी या फुटपाथवर रेंगाळू नये’ असं जिथे भिंतीवर लिहिलं जातं, तिथे चौकाच्या मधोमध रेंगाळणं हेच पुरेसं खोचक होतं.

आणि पाट्या काही नाचानं उतरल्या नाहीत. चार स्थानिक बायकांनी, त्याही ऑर्थोडॉक्स, नगरपालिकेला कोर्टात खेचलं. २०१५ च्या जानेवारीत न्यायालयानं प्रत्येकीला पंधरा हजार शेकेल भरपाई द्यायला लावली. पाट्या तरी तशाच. २०१७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पाट्या उतरवायची मुदत घालून दिली. उतरवल्या, तर लगेच नव्या लागल्या, भिंतींवर मजकूर रंगवला गेला. विनोद लोकांना जागं करतो; खिळे उपटायला मात्र वकील आणि पोलीस लागतात.

२०२३ मध्ये इस्रायलमध्ये न्यायव्यवस्थेच्या फेरबदलांविरुद्ध निदर्शनं झाली, तेव्हा ‘बोनोत अल्टरनातिवा’ या संघटनेच्या बायका लाल झगे आणि पांढऱ्या टोप्या घालून, माना खाली घालून, रांगेनं चालल्या. वेश एका गाजलेल्या कादंबरीतल्या गुलाम बायकांचा. नखशिखान्त झाकलेला, कुठल्याही पाटीला मान्य होईल असा. कपडे काढून निषेध करण्यापेक्षा कपडे चढवून केलेला हा निषेध कितीतरी बोचरा होता.

तिरुपतीचे केस

आता थोडं आपल्याकडे. लग्न झालेल्या बाईनं केस झाकायचे, त्यासाठी विग, आणि चांगल्या विगसाठी खरे केस. हे केस बऱ्याच प्रमाणात भारतातून जातात, आणि भारतातला मोठा साठा तिरुमलाचा. तिथल्या कल्याणकट्ट्यावर भाविक मुंडण करतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांतही कित्येक जण तिथे डोकं भादरून येतात. देवस्थान ते केस लिलावात विकतं.

२००४ साली जेरुसलेमच्या रब्बी एल्याशिव यांच्यापुढे प्रश्न आला: हे केस मूर्तीला अर्पण केलेले, म्हणजे मूर्तिपूजेचा नैवेद्यच ना? तसं असेल तर ते वापरणं निषिद्ध. लंडनच्या एका रब्बीला प्रत्यक्ष पाहणीसाठी तिरुपतीला पाठवलं गेलं. अहवाल आला, निकाल लागला: भारतीय मंदिरातले केस चालणार नाहीत. मे महिन्यात ब्रुकलिनच्या रस्त्यांवर आणि इस्रायलमध्ये बायकांनी हजारो रुपयांचे, डॉलरमध्ये शेकड्यांनी मोजावेत असे, विग होळीत टाकले.

यात हसण्यासारखं खूप आहे, आणि लोक हसलेही. पण बारकाईनं पाहिलं तर हा अजब संवाद आहे. इकडे कुणी अहंकार सोडायचा म्हणून देवापुढे केस उतरवते. तिकडे दुसरी कुणी शालीनतेसाठी तेच केस डोक्यावर चढवते. मधे व्यापारी. दोघींच्याही भक्तीत खोट नाही. विडंबनकाराला इथे टोला मारायचा झाला तर तो व्यापाऱ्यालाच मारावा लागेल, आणि त्याला टोले लागत नाहीत.

कुणी हसावं

ज्यूंच्या पोशाखावर हसण्याचा, आणि हसून मग हिंसा करण्याचा, इतिहास लांबलचक आहे. १२१५ साली चर्चच्या परिषदेनं ज्यूंनी वेगळं दिसेल असं काही घालावं असा हुकूम काढला. १८४० च्या दशकापासून रशियाच्या झारनं उलट केलं: पारंपरिक ज्यू पोशाखावर आधी कर, मग बंदी, बायकांनी डोकं भादरण्यावरही बंदी. नाझींच्या व्यंगचित्रांत काळा कोट आणि दाढी कशासाठी वापरली हे सांगायला नको. त्यामुळे आज बाहेरचा कुणी काळ्या कोटावर विनोद करतो तेव्हा मेआ शेआरिममधल्या माणसाला त्यात उपरोध ऐकू येत नाही, जुनाच सूर ऐकू येतो. त्याचा तो गैरसमजही असेल, पण अकारण नाही.

घरात मात्र हसण्याला मुभा आहे, इतकी की बाहेरच्यांना आश्चर्य वाटावं. पुरिमच्या सणाला सगळं उलटंपालटं करायची रीत आहे. चौदाव्या शतकात कालोनिमुस बेन कालोनिमुस नावाच्या लेखकानं ताल्मुदच्याच भाषेत, ताल्मुदच्याच पद्धतीनं, पुरिमला किती खावं-प्यावं याची काटेकोर धर्मचर्चा रचली. गंभीर चेहऱ्यानं केलेलं निव्वळ विडंबन. पुरुषानं स्त्रीचा वेश घालू नये, असं तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात स्पष्ट लिहिलेलं असताना, सोळाव्या शतकातले क्राकोचे रब्बी मोझेस इस्सर्लेस यांनी पुरिमच्या आनंदासाठी ती रीत चालू द्यायला हरकत नाही असं नोंदवून ठेवलं. कपड्यांच्या नियमाला वर्षातून एक दिवस सुट्टी, तीही धर्माधिकाऱ्याच्या सहीनं.

बायकांचं काय? परक्या पुरुषांसमोर गाणं-नाचणं निषिद्ध, म्हणून हरेदी समाजात फक्त बायकांसाठी नाटकं, गाणी, विनोदी कार्यक्रम होतात. ब्रुकलिनमध्ये तर बायकांपुढे एकपात्री विनोद करणाऱ्या स्त्रिया त्या समाजातून तयार झाल्या. विग, लग्न जुळवणाऱ्या बायका, सासवा, मुलींची शाळा, सगळं सोलून निघतं. आयर्लंडचा फोटो जगभर फिरला आणि सायकलवाल्यांची बातमी झाली. हे कार्यक्रम मात्र तिकीट काढून आलेल्या बायकांपुरते राहतात, आणि माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला त्यांतला एकही विनोद सांगता येत नाही.